पुसण्याआधी

"काकू, लॅपटॉप कोरा करतोय. काही ठेवायचंय का?" जुनं मशीन पुसण्याआधी घरच्यांना फोन करायचाच, हा गिरीधरच्या दुकानाचा शिरस्ता.

"फोटो मुलाने घेतलेत. पण ह्यांचा पत्त्यांचा डाव आहे का रे त्यात? 'एवढा लागला की जेवायला येतो' म्हणाले, आणि खुर्चीतच गेले. मी आपली स्वयंपाकघरातून ओरडतेय!"

डाव होता, मध्येच थांबलेला. गिरीधरने गड्डीतली पानं पुन्हा पुन्हा उलटली, हलतील ती हलवली. पुढे चालच उरली नव्हती.

"लागतोय का रे?" काकूंनी दबकत विचारलं.

"लागला, काकू."

काकू मग म्हणाल्या, "बरं झालं बाबा. डाव टाकून उठणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पूस आता."