फुंकर

दादाने हौसेने टर्बो बसवलेली गाडी तो गेल्यापासून शेडमध्ये बंद पडून होती. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून इंजिनात जाणारी हवा मोजणारा नवा एअरफ्लो मीटर मी आणला. त्याचा प्लग जुन्याशी जुळेना. मग दादाला मनातल्या मनात शिव्या घालत एकेक वायर जोडत बसलो. त्याचं वायरिंग म्हणजे नुसता गुंता, दुसऱ्या कुणी गाडीला हात लावू नये म्हणूनच केलेला.

आता फक्त तपासायचं राहिलं होतं. पूर्वी हे काम आम्ही दोघं करायचो. तो मीटरमध्ये फुंकायचा आणि मी आत बसून टेस्टरवरचा आकडा वाढतो का ते बघायचो. शेवटी शेवटी त्याच्यात मेणबत्ती विझवण्याइतकाही दम उरला नव्हता.

आज उघड्या बॉनेटच्या पलीकडे वहिनी उभ्या होत्या.

"वहिनी, फुंका!"

आकडा सरसर चढला.

"बास, बास! तुम्ही तर थेट दादासारखं फुंकता!"

 

बॉनेटआडून आवाज आला, "अहो भाऊजी, पण फुंकायचं कुठे ते तर सांगा!"