मागचा बाक

मोबाइलवर शिकवायचं म्हटल्यावर गणिताचे सर धास्तावलेच. त्यात नवे मुख्याध्यापक वयानं लहान, पण कडक. व्हिडिओ आधी ते बघणार, पसंत पडला तरच मुलांना जाणार.

सरांनी फोन स्वयंपाकघरातल्या डब्यांना टेकवला आणि त्रैराशिक सुरू केलं. भिंतीवर टांगलेल्या फळ्यावर लिहिता लिहिता पाठमोरेच ते सवयीनं गरजले, "मागचा बाक, मला सगळं ऐकू येतंय. उभा राहा."

मागे होता फक्त फ्रिज.

व्हिडिओ पाठवून झाल्यावर बायकोनं विचारलं, "अहो, फ्रिजला ओरडलात तेवढं कापलंत ना?"

सरांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात मुख्याध्यापकांचा मेसेज आला.

"सर, व्हिडिओ पसंत. तुमचा वर्ग सोडून इतकी वर्षं झाली, तरी केबिनमध्ये उभाच राहिलो. आता बसू का?"