बैठं काम

“फिरतीची नोकरी,” मुलगी म्हणाली.

जुळणी अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. आवड काय, असं त्यानेच विचारलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. मुलगी व्हीलचेअरवर होती. मागे, खुर्चीचे दोन्ही दांडे धरून, तिची आई उभी होती. अधिकाऱ्याने आईकडे पाहिलं. अशा प्रसंगी तो नेहमी मागच्या माणसाकडे पाहायचा. आई म्हणाली, तिचं मनावर घेऊ नका, लहानपणापासूनच थट्टेखोर आहे.

पूर्वी अपंगांना नोकऱ्या लावून देणाऱ्या या कार्यालयात आवड विचारत नसत. काय नाही ते विचारलं की काम ठरायचं. दिसत नाही त्याला टेलिफोन, ऐकू येत नाही त्याला छापखाना, चालता येत नाही त्याला बैठं काम. सगळं सुरळीत होतं. मग वरून आदेश आला, की काम आणि आवड यांची जुळणी करा. तेव्हापासून सहकारी त्याला ‘सोयरीकवाले’ म्हणत. परवाच ऐकू न येणाऱ्या एका गृहस्थांना त्याने निवांत जागा म्हणून ग्रंथालय सुचवलं होतं. शांतता घरी भरपूर आहे, असं त्यांनी कागदावर लिहून दाखवलं आणि निघून गेले.

हिच्यासाठी मात्र त्याने चांगलं स्थळ काढून ठेवलं होतं. पाणीखात्याचा तक्रार कक्ष. फोन घ्यायचा, तक्रार ऐकायची, ‘बघते’ म्हणायचं. बघायला जागेवरून उठावं लागत नाही, हे त्या खात्याचं वैशिष्ट्य होतं.

आई या कामावर बेहद्द खूश झाली. तिने त्याचं इतकं कौतुक केलं, की अधिकाऱ्यालाही ते हवंहवंसं वाटू लागलं. डोक्यावर पंखा. पाठ टेकायला खुर्ची. चहा जागेवर. हे आण, ते ने, जरा इकडे ये, असली हाक नाही. दिवसभर नुसतं एका जागी बसायचं, आणि तेही पगारी. आई बोलायची थांबेचना.

मुलीने सांगितलं, बसण्याचा तिला जन्माचा अनुभव आहे, त्यात आता नवीन शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. शेजारचे काका औषधं विकायला फिरतीवर असायचे. परत आले की कुरकुरायचे. गाद्या वाईट, जेवण वाईट, अंग नुसतं मोडून निघालं. ती कुरकुर ती जिवाचा कान करून ऐकायची. एकदा तरी तिला तशी कुरकुर करायची होती. परक्या खोलीत जाग यावी आणि आपण कुठे आहोत हेच क्षणभर कळू नये, एवढीच इच्छा होती. घरात तिला ते डोळे मिटूनही कळायचं.

अधिकाऱ्याला हसू आलं नाही, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. फिरतीची एक जागा त्याच्याकडे पडून होती. एका हॉटेल कंपनीला आपल्या गावोगावच्या खोल्या तपासायला माणूस हवा होता. चादरी, नळ, साबण. माणूस मिळत नव्हता. फिरतीचं नाव काढलं की भल्याभल्यांची पाठ धरायची. त्याने फोन लावला. उमेदवार व्हीलचेअर वापरते, हे स्पष्ट सांगितलं. पलीकडून विचारणा झाली, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं दुखणं, असलं काही नाही ना? नाही म्हटल्यावर त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सोमवारी पाठवा म्हणाले. गाडी आणि चालक कंपनीचा.

आईने दांडे घट्ट धरले. हे होणार नाही, ती म्हणाली. हिला अंथरुणातून उचलणार कोण, आंघोळीला नेणार कोण, रात्री कूस बदलून देणार कोण? इतकी वर्षं तिने स्वतःसाठी म्हणून कधी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, आणि आता हिला परक्यांच्या हवाली करायचं?

मुलगी मागे वळली नाही.

“आई, माझं मला सगळं येतं गं. कधीपासूनच येतं. तू हौसेनं करतेस, म्हणून करू देते.”

अधिकाऱ्याने उगाचच खण उघडून त्यात डोकं घातलं. आता रडणं होईल किंवा भांडण होईल, असा त्याचा अंदाज होता. त्या टेबलाने दोन्ही पुष्कळ पाहिलं होतं.

“हौसेनं,” आई स्वतःशीच म्हणाली. मग तिने दांडे सोडले. आधी एक, मग दुसरा. खुर्ची कुठे घरंगळली नाही. मुलीने चाकांवर हात ठेवले, सफाईने वळली आणि अर्जासाठी फोटो काढायला पलीकडच्या खोलीत गेली. दार तिने स्वतःच लोटलं.

आई तिथेच राहिली. मोकळ्या हातांचं काय करावं, ते तिला समजत नव्हतं. ही बाई आल्यापासून उभीच आहे, हे अधिकाऱ्याच्या आत्ता कुठे लक्षात आलं. त्याने समोरच्या खुर्चीवरच्या फायली उचलायला घेतल्या. आईने एकदा दाराकडे पाहिलं. मग टेबलावर वाकून, मुलीला ऐकू जाणार नाही अशा बेताने तिने विचारलं,

“ते मघाचं बैठं काम... त्याला धडधाकट बाई चालेल का हो?”