शकूच्या वाटणीचं ऊन

जतच्या घराच्या गच्चीवरचे सौर पॅनेल ओल्या फडक्याने पुसून द्वारकाबाई मीटरपाशी आल्या. साऱ्या जगाच्या विजेच्या तारा एकमेकींना जोडल्यापासून आपली उरलेली वीज कुणाच्याही घराला देता येत असे. द्वारकाबाई ती उत्तर नॉर्वेतल्या धाकट्या बहिणीला, शकूला देत. लहानपणी कंदील विझला, की शकू त्यांचा परकर मुठीत धरून झोपायची. आता ती फोनही क्वचितच करी, पण मीटरवरचे शिल्लक युनिट घटले, की द्वारकाबाई हसून म्हणत, "उठली बाई! चहा टाकला."

दिवाळीच्या तोंडावर शकू गेली. तेव्हापासून शिल्लक नुसती वाढत होती.

"मावशी, मार्चअखेर हे सगळे युनिट बुडतील," शेजारची रुक्साना हळूच म्हणाली. "त्यापेक्षा आमच्या गिरणीला द्या. तुमचं दळण फुकट!"

"लबाड आहेस," द्वारकाबाई म्हणाल्या. मीटरच्या यादीतून शकूचं घर काढून टाकायला त्यांनी बटणावर बोट ठेवलं, आणि तेवढ्यात शिल्लक घटली.

दोघी बघतच राहिल्या.

"तुमच्या भाच्यानं आईचं घर विकलं ना?" रुक्साना म्हणाली. "नवी माणसं आली असतील. बंद करा, मावशी. परक्यांना कशाला?"

आकडा पुन्हा घटला. तिकडे कुणीतरी चहा टाकला होता. द्वारकाबाईंनी बोट मागे घेतलं.

"असू दे गं. या थंडीच्या दिवसांत तिकडे सकाळसुद्धा उजाडत नाही."

आणि पुसलेले पॅनेल पुन्हा पुसायला त्या गच्चीवर गेल्या.