उन्हाचा प्रताप

रविवारी सकाळी चहासुद्धा न घेता डोमाजी बायकोच्या गाडीमागे उकिडवे बसले. गाडी ललिताची. अकोल्याहून अकोटच्या शाळेत ती रोज स्वतः चालवत जायची. रिटायर झालेल्या डोमाजींना त्या गाडीत बाजूच्या सीटवर बसायची तेवढी परवानगी होती.

बाटलीतलं काळं पॉलिश स्पंजवर घेऊन ते मागच्या बंपरचं प्लास्टिक इतक्या मायेनं चोळत होते, की ललिता चहाचा कप घेऊन पाठीशी उभी राहिली तेही त्यांना कळलं नाही.

"काय करून राहिले?"

डोमाजी दचकले. "काही नाही. आपल्या अकोल्याचं ऊन तुले माहीतच आहे. प्लास्टिक पांढरं पडते. हे लावलं का नव्यासारखं काळंभोर!"

"मंग डावाच कोपरा कावून पांढरा पडला?"

"तिकून ऊन जास्त लागते."

ललितानं मान डोलावली, कप त्यांच्या हातात दिला. सुटलो, असं डोमाजींना वाटलं.

तेवढ्यात ती फाटकापाशी गेली. दिवाळीत पांढरा रंग दिलेल्या त्या फाटकावर बोट फिरवत म्हणाली, "उन्हानं बंपर पांढरा पडला, हे पटलं मले. पण पांढऱ्या फाटकावर हा काळा पट्टा कोणत्या उन्हानं ओढला?"

डोमाजींनी कपात तोंड खुपसलं.

ललितानं पदराला बांधलेली गाडीची चावी सोडून त्यांच्या पुढ्यात धरली. "आजपासून गाडी चालवाची असली तं मले बाजूले बसवत जा. रिव्हर्स तं अजिबातच येत नाही तुमाले."