विहिरीचा कठडा

निंबाचा घोडा पाखऱ्या त्याचं काही म्हणता ऐकत नसे. भर चावडीसमोर दुसऱ्यांदा पडल्यावर निंबा कंबर चोळत घरी आला आणि बायकोला म्हणाला, "सारंगखेडानी जत्राम इकी टाकसू." घोडा विकायचं ऐकून भिकुबाई उठली आणि पाखऱ्यापुढे कडबा टाकू लागली. जत्रेला महिना होता, तेव्हा शेवटचा उपाय म्हणून तो रोज सकाळी नरडाण्याला, घोडदळाच्या रिसाल्यातून परतलेल्या हाशमभाईंकडे शिकायला जाऊ लागला.

"खोट घोड्यात नाही, तुझ्या मांडीत आहे," हाशमभाई म्हणाले. "महिनाभर माझ्या घोडीवर बस. तुझा घोडा राहू दे घरी."

महिन्याने निंबा पाखऱ्यावर बसला, तर लगाम नुसता हलला तरी घोडा वळू लागला. चावडीवरून निंबा उगाचच दोन फेऱ्या मारून आला. पण गावाबाहेर वावराच्या वाटेला लागताच पाखऱ्या आपणहून विहिरीकडे गेला, कठड्याला अंग लावून उभा राहिला आणि टाच मारली तरी हलेना.

निंबा कठड्याकडे बघत राहिला. तो स्वतः जमिनीवरूनच रिकिबीत पाय टाकायचा. कठडा लागेल तो ठेंगण्या माणसाला, आणि तेही गावाच्या नजरेआड बसायचं असेल तर. तो नरडाण्याला असताना वावरातल्या सालदाराची भाकर घेऊन रोज सकाळी या वाटेने कोण जातं, हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने अंगणात एक रुंद दगड आणून बसवला.

"हाऊ दगड कसाले?" भिकुबाईने विचारलं.

"रोज गावबाहेर लगून पायी कसाले जास? आठेच घोडावर बस."