कळशीवरचं नाव

नवा फ्लॅट उज्वलाच्या एकटीच्या नावावर झाला होता. त्याच तोऱ्यात ती लेकीला, संजनाला घेऊन कॉलेज रोडची फर्निचरची दुकानं पालथी घालत होती.

पण पहिल्या दुकानापासून तिला एक आवाज ऐकू येत होता. भांड्यांवर नाव घालायच्या मशीनची करकर.

“अगं आई, असल्या दुकानांत कुठं नावं घालतात?” संजना हसली. तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

शेवटच्या दुकानात करकर अगदी जवळ आली. शोभेच्या वस्तूंत एक पितळी कळशी होती. उज्वलानं ती उचलली, तशी करकर थांबली.

कळशीच्या गळ्याखाली कोरलं होतं : ‘उज्वला निवृत्ती खैरनार’.

तिचा ऊर भरून आला. माहेरच्या भांड्यांवर आजोबांचं नाव, सासरच्या भांड्यांवर सासऱ्यांचं. तिचं आजवर एका वाटीवरसुद्धा नव्हतं.

“तूच गुपचूप घालून घेतलंस ना गं?”

“मी? नाही गं आई.”

उज्वलानं नावावरून अंगठा फिरवला. अक्षरं अजून गरम होती.

करकर पुन्हा सुरू झाली. कळशी हातात थरथरू लागली आणि तिच्या डोळ्यांदेखत नावापुढं एकेक अक्षर उमटत गेलं : ‘यांच्या स्मर